घोडीला बाहेरचा घोडा

भामाबाई : फोनवर व्हय म्हणालास, ज्ञानू. आन आता मी दारात आल्यावर घोडीच्या पोटाखाली तोंड घालून बसलास?

ज्ञानू : खूर बगतोय, आक्का. गाभण हाय. पाय जड झाल्यात तिचं.

भामाबाई : घोडीचं पाय जड झालं म्हणून थोरल्या भणीकडं पाठ करायची? इट्यास्नं दोन एश्ट्या बदलून आलीया मी.

ज्ञानू : मग सोप्यात ये की. उनात का हुबी हाईस?

भामाबाई : शब्द घेतल्याबिगर तुजा उंबरा वलांडायची न्हाई, असं बिरोबाम्होरं बोलून आलीया. शब्द दे. मग पाणी पिते, भाकरी बी खाते.

रेश्मा : कसला शब्द, आबा?

भामाबाई : तू आत जा. पोरीकडं बग.

रेश्मा : पोरगी निजली आहे. खिडकीला पोतं लावून, अंधारात. कसला शब्द ते सांगा, आत्ती. तुमी सासू मागनं झालात, माझ्या बापाची भण आधी आहात. तोंडावर बोला.

ज्ञानू : रेश्मा, जरा दम धर.

रेश्मा : दमच धरलाय, आबा. बाळंत झाल्यापासून दुसरं केलंय काय?

भामाबाई : बोलते की. मला कुणाची चोरी हाय? पृथ्वीराज आता तुला नांदवायचा न्हाई. तू पोरगी घेऊन बापाकडंच ऱ्हा. तुज्या खान्यापिन्याचं बगू आमी, अगदीच सोडायचो न्हाई. आन तुज्या जागी प्रांजलला करून घेतो. घरची सोयरीक हाय, मोडायची कशाला? ह्याच म्हयन्यात, देवाच्या दारात, चार मान्सांत.

रेश्मा : प्रांजलला?

भामाबाई : व्हय. तुजीच धाकटी भण. परकी न्हाई कोण.

रेश्मा : आज तिचा बारावीचा पेपर आहे. एसटीनं गेलीय, पुढं सायन्सच शिकणार म्हणून उड्या मारत. आबा, तिला माहीत आहे हे?

ज्ञानू : मी व्हय न्हाई म्हणलो. बगू म्हणलो.

भामाबाई : तुज्या तोंडातलं बगू म्हंजे व्हयच. कडंवर घेऊन वाढवलाय तुला, मला शिकवू नगंस.

रेश्मा : म्हणजे मला टाकायची, आणि त्याच दावणीला माझी भण बांधायची. जनावराचा बाजार तरी बरा. तिथं दात बघतात, मगच बोलतात.

भामाबाई : जीभ लय चालती तुजी. पोरगी आमची असती तर मी आले असते का असं? आमच्या घरात चार पिढ्या बग. हाय का कोण असं? पापण्या पांढऱ्या, केस पांढरं, डोळं मांजरागत, उजेडाला मिटतंय. कोइमतूरला दोन वर्सं ऱ्हायलीस गलाईच्या दुकानाच्या माडीवर. माजा ल्योक दिसभर भट्टीवर सोनं गाळतोय, आन तू वर एकली. खाली शेठ. गोरापान, दुधागत.

रेश्मा : तो शेठ? त्याला जिना चढायला दोघं लागतात, आत्ती. एकजण पुढनं ओढतो, एकजण मागनं ढकलतो. वर येईपर्यंत त्याला आपण कशाला आलो तेच आठवत नाही.

भामाबाई : हसायचं काम न्हाई. पाव्हण्यारावळ्यांत तोंड दावायला जागा उरली न्हाई आमाला.

ज्ञानू : आक्का, त्ये बोलू नगंस.

भामाबाई : का? लेकीचं लागलं तुला?

ज्ञानू : लेकीचं लागलंच. पन त्ये सोड. तुला म्हाईत हाय, आन तरी तू बोलतीयास, म्हणून म्हणलो बोलू नगंस. बानं आपल्या दोघांना एकाच दावणीपुढं बशिवलंवतं. रंगावरनं शिंगराचा बाप धरायचा मला शिकवला, तसा तुलाबी शिकवला. माझ्यापरास तू हुशार. जत्रंत मानसं तुला विचारायची.

भामाबाई : त्याचं हितं काय?

ज्ञानू : सांग की मग. घोडी तांबडी, अगदी आयाळीसकट. घोडाबी तसाच तांबडा. आन शिंगरू काळं आलं. तर?

भामाबाई : तर घोडीनं दुसरा घोडा केला. शेंबडं पोरगं बी सांगंल. दोन तांबड्यांचं तांबडंच.

ज्ञानू : बरं. आन घोडी काळी, घोडा काळा, आन शिंगरू तांबडं?

भामाबाई : त्ये कशाला आता?

ज्ञानू : सांग की.

भामाबाई : तर काय न्हाई. घोडीकडं बोट दावायचं काम न्हाई. आत व्हतं, ते भाईर आलं.

ज्ञानू : बा कसं म्हणायचा?

भामाबाई : तुला पाठ हाय.

ज्ञानू : तुज्या तोंडानं ऐकायचंय.

भामाबाई : कातड्यावर दिसतंय ते निम्मं. निम्मं आत निजलेलं असतंय. आन ते एकट्यानं उठत न्हाई. दोगांच्यात निजलेलं असंल, तरच उठतंय.

रेश्मा : मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं मला. एक आईकडनं येतं, एक बापाकडनं येतं. दोन्ही मिळाली तरच असं बाळ होतं. माझ्यातही आहे आणि पृथ्वीराजच्यातही आहे. त्यांना मी कागद काढून फोनवर पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. बघितला म्हणजे. उत्तर नाही.

भामाबाई : घोडं येगळं, माणूस येगळं.

रेश्मा : असं? मग जावळ काढताना येगळं नव्हतं?

भामाबाई : ते काढ आता.

रेश्मा : काढणारच. आबांना अर्धंच सांगितलंय मी. आबा, शिंगराचे पयले केस झडले की खालचा खरा रंग दिसतो, होय ना?

ज्ञानू : व्हय. जलमल्यावरचा रंग धरून चालत न्हाई. राखी, मातकट, कसाबी असतो. केस गळलं की कळतंय.

रेश्मा : तसंच हिचं जावळ उतरलं की खालनं काळे केस येतील, असं आत्तीनी ठरवलं. तिसऱ्या महिन्यातच वस्तरा फिरवला. बरं, केस गेले तर गेले. पण मग म्हणाल्या, नव्या कातडीला ऊन दाखवायला पाहिजे, रंग धरेल. मी धुणं घेऊन ओढ्याला गेलेली. आले तर पोरगी अंगणात, बाजेवर. अंगात एक कापड नाही, डोक्यावर टोपरं नाही, सगळं अंग तेलानं माखलेलं. रडून रडून आवाज बसलेला. टाळूवर फोड. पापण्या सुजून चिकटलेल्या. आणि ह्या शेजारी बसून शेंगा फोडत होत्या.

भामाबाई : शेंगा न्हाई. हुलगं निवडत व्हते.

रेश्मा : हुलगं निवडत होत्या, आबा. चुकलं माझं.

भामाबाई : जरा येळ ठेवलीवती. कवळ्या उनात. आगं, पोरगी जरा सावळी दिसली असती, तर मीच नाचवली असती तिला गावभर. माजी नात हाय.

रेश्मा : आत्ता तर तुमची नव्हती.

ज्ञानू : आक्का, पांढऱ्या घोडीचं शिंगरू काळं जलमतंय. आन वरसावरसाला पांढरं हुत जातंय. डोळ्याभवती पांढरं केस दिसलं की वळखायचं, ह्ये काळं ऱ्हानार न्हाई. हाय का न्हाई?

भामाबाई : हाय.

ज्ञानू : पन उलटं कवा बगितलंस? पांढरं जलमून उनानं काळं झालेलं एक तरी जनावर दाव मला. एक.

भामाबाई : न्हाई बगितलं.

ज्ञानू : मग कुणी सांगितलं तुला ऊन दावायला?

भामाबाई : मान्सं करत आल्यात. मी बी केलं.

ज्ञानू : कुणी केलंय? मी तरी कुणाला बगितलं न्हाई.

भामाबाई : तू लय कायकाय बगितलं न्हाईस, ज्ञानू. सोड. शब्द देतोस का न्हाई तेवडं बोल. माझ्या डोस्क्याला ऊन लागाय लागलंय.

रेश्मा : लागू दे. फोड येईपर्यंत थांबा जरा.

ज्ञानू : रेश्मा!

रेश्मा : ओरडू नका माझ्यावर. आज तुमाला पण सोडणार नाही मी, आबा. ही हरणी समोर उभी आहे. गाभण आहे. कुणाची गाभण आहे?

ज्ञानू : उंब्रजच्या पल्याडच्या एका मळेकऱ्याच्या घोड्याची.

रेश्मा : तिथपर्यंत कशी नेली?

ज्ञानू : चालत. टेम्पोत घाबरती ती.

रेश्मा : पाय सुजवून घेऊन परत आलात. आईनं मीठपाण्यात बुडवून शेकले तुमचे पाय. घरात एवढा देखणा घोडा बांधलेला असताना एवढ्या लांब का नेली? आत्तीना सांगा की.

ज्ञानू : घरचा घोडा चालत न्हाई.

रेश्मा : का?

ज्ञानू : त्यो तिचा भाव हाय. एका आईचं दोगं. आत जे वाईट निजलेलं असंल, ते दोगांच्यातबी तेच असणार. आपल्यात रिवाजच हाय तो. घोडीला भाईरचा घोडा. बानं मोडला न्हाई, आज्यानं मोडला न्हाई. नुसता चुलत असला तरी दावत न्हाई आमी.

रेश्मा : आणि मला?

ज्ञानू : तुला काय?

रेश्मा : मला कुठं दाखवलं, आबा? घोडीला भाईरचा घोडा. आणि लेकीला? सख्ख्या आत्याचा ल्योक. उंब्रज राहू दे, तुमी माझ्यासाठी स्थळ बघायला ओढासुद्धा ओलांडला नाही. आई रडून सांगत होती, पोरीला लांब द्या, नव्या घरात द्या. तर तुमी काय म्हणालात तिला? तू परक्या घरातली, तुला आमच्या घरातली माया काय कळणार.

ज्ञानू : आत्याच्या घरी पोरगी सुकात असती, असं वाटलं. भण हाय, पोटात घालंल. चार मेंढरं, चार एकर, सगळं घरातल्या घरात.

रेश्मा : घरातल्या घरात. व्हय. रोग पण घरातल्या घरात राहिला, कुठं बाहेर सांडला नाही. आणि आता प्रांजल. तीच दावण, तोच घोडा. घोडीला असं कुणी केलं असतं तर तुमी त्याला पायताणानं मारला असता.

भामाबाई : ऐक तिचं, ऐक! बापाला पायताण दाव म्हणतीया! चार बुकं शिकली, तर समदा समाज येडा काय? मामाची पोरगी, आत्याचा पोरगा, पिढ्यान्पिढ्या देत आल्यात. समद्यांची पोरं पांढरी हुत्यात व्हय?

ज्ञानू : समद्यांची न्हाई. ज्यांच्या आत निजलेलं असतंय, त्यांची.

भामाबाई : तू बी तिच्याच बाजूला गेलास?

ज्ञानू : मी बाजू बगत न्हाई, आक्का. मी रंग बगतोय. गप बस जरा, मला इचार करू दे. पोरगी पांढरी. म्हंजे रेश्माकडनं आलं आन पृथ्वीराजकडनं आलं. रेश्माकडनं म्हंजे माझ्याकडनं, न्हाईतर तिच्या आईकडनं. पृथ्वीराजकडनं म्हंजे तुज्याकडनं, न्हाईतर दाजींकडनं. दोन परक्या मान्सांच्यात नेमकं एकच निजलेलं असणं अवघड. पन तू आन मी...

भामाबाई : पुरं कर.

ज्ञानू : तू आन मी एका आईचं. मिरजंच्या डॉक्टरीणबाईनं इचारलंवतं मला, आजोबा, घरात आधी कुणी असं झालंय का. मी छातीवर हात ठिवून न्हाई म्हणलो.

भामाबाई : बराबर म्हणालास.

ज्ञानू : मग बानं कवाच पांढरी घोडी दारात का बांधली न्हाई?

भामाबाई : काय?

ज्ञानू : जत्रंत एकजण पांढरी घोडी देत व्हता. आपल्या म्हाताऱ्या खेचराच्या बदल्यात. चालीला सरळ, दाताला कवळी, अंगावर वाईट भवरा न्हाई. नवरदेव बसवायला मान्सं असली घोडी हुडकत फिरत्यात. आन बा तिच्याकडं बगून थुकला. माघारी फिरला. आपल्या मोरी घोडीला करडं शिंगरू झालं, डोळ्याभवती पांढरं दिसलं, तर आईचं दूध तुटायच्या आतच कुणाला तरी देऊन टाकलं. फुकट. बा जनावर फुकट देणाऱ्यातला व्हता का?

भामाबाई : आसंल काय तरी. देवाला चालत नसंल.

ज्ञानू : बिरोबाला पांढरं घोडं चालतंय. गावातली मान्सं बांदत्यात. आपल्याच घरात का चालत न्हवतं? कुणाला बगून त्याला थुकायला आलं?

(रेश्मा आत जाऊन बाळाला घेऊन येते आणि दाराच्या आत, सावलीची रेघ जिथे संपते त्याच्या अलीकडे बसते.)

भामाबाई : आणलीस तिला?

रेश्मा : उठली होती. तुमचा आवाज ऐकून.

भामाबाई : दे जरा. बगू तरी दे.

रेश्मा : तिथनंच बघा.

भामाबाई : उनातनं तुमच्या सोप्यात काय दिसत न्हाई मला. अंधारच दिसतोय.

रेश्मा : तिला उजेडात दिसत नाही, तुमाला अंधारात दिसत नाही. बसा तशाच. आबांनी काय विचारलं ते सांगा.

भामाबाई : ऐकायचंच हाय का तुमाला?

ज्ञानू : व्हय.

भामाबाई : मग ऐक. तुज्या पाठीवरची. तू रांगत व्हतास. तळ घाटाखाली पडलावता, रानात मेंढरं बसवायला गेलोवतो आपुन. आई बाळंत झाली आन सुईणीनं पोरगी हातात घेतल्यावर कांबळ्यावर तशीच टाकली. म्हणली, ह्ये आपल्यातलं न्हाई. पांढरीफेक पोरगी. आई तोंड फिरवून झोपली. बा घोड्यांपाशी जाऊन बसला. सकाळी आला आन म्हणाला, शिंगराचा रंग फिरतोय, तसा हिचाबी फिरंल. ऊन लागलं की फिरंल.

ज्ञानू : बा म्हणाला?

भामाबाई : बाच म्हणाला. घोड्यातलं समदं कळायचं त्याला. पोरीतलं काय कळत न्हवतं.

ज्ञानू : मग?

भामाबाई : मग काय. ऱ्हायली न्हाई. तळ हलवला आमी. आईला कुणी इचारलं तर सांगायची, मेलेलीच झाली. माझ्याकडनं शपथ घेतली बानं, मेंढराच्या गळ्यावर हात ठिवून. तुला काय म्हाईत. तुला कुणी सांगितलं न्हाई.

ज्ञानू : तू बी न्हाई सांगितलंस. रेश्माला मागायला आलीस, तवाबी न्हाई.

भामाबाई : न्हाई सांगितलं. का सांगू? त्या टायमाला बोललो असतो, तर मला कुणी पत्करली असती? तुला कुणी पोरगी दिली असती? पांढऱ्याचं घराणं म्हणून लोकांनी तळाजवळनं वाट सोडली असती. कुणी बोललं न्हाई म्हणून आपली घरं हुबी ऱ्हायली.

रेश्मा : आणि कुणी बोललं नाही म्हणून माझी पोरगी अशी झाली.

भामाबाई : त्ये मला काय ठावं, असं हुईल म्हणून.

रेश्मा : ठावं नव्हतं? सुईण, घोडी, काळं, तांबडं, निजलेलं, उठलेलं, सगळं ठावं आहे तुमाला. दवाखान्यात पोरीला पहिल्यांदा उचललंत तेव्हाच कळलं होतं तुमाला. तुमी तिच्या पापण्यांवरनं बोट फिरवलंत. मला वाटलं मायेनं. तुमाला पहिल्या दिवसापासनं माहीत होतं पोरगी कुणाची आहे ते. आणि गावभर शेठचं नाव घेत फिरलात.

भामाबाई : घेतलं.

रेश्मा : माहीत असून.

भामाबाई : व्हय, म्हाईत असून! तुला नाव ठेवलं तर एक बाई जाती. खरं सांगितलं तर आख्खं घराणं जातंय. आमच्या धाकट्या भावाच्या, तानाजीच्या दोन पोरी लग्नाच्या हायेत. माजी नणंद सोयरीक बगतीया. समद्यांचं दार मी बंद करू, तुज्या एकटीसाठी?

ज्ञानू : आक्का.

भामाबाई : काय आक्का! तू गप बसलास म्हणून मला बोलायला लागतंय. दुष्काळात माझ्या वाटणीची भाकरी तुज्या तोंडात घातलीया मी. आज एक शब्द मागतीया, तर रंग बगतोय म्हणं.

ज्ञानू : भाकरी इसरलो न्हाई. इसरायचो बी न्हाई. पन प्रांजल मिळायची न्हाई तुला.

भामाबाई : पुन्यांदा बोल.

ज्ञानू : प्रांजल मिळायची न्हाई. मी हरणीसाठी उंब्रजपतूर गेलो. प्रांजलसाठी कुठवर जायचं ते ती सांगंल, आन तिला नसंल जायाचं तर न्हाई जाणार. आन ही पोरगी माझ्या दारात ऱ्हाईल. पोतं लावून का हुईना, ऱ्हाईल. कुणी शेठचं नाव काडलं, तर मी आपल्या आईचं नाव सांगीन. आपल्या आईनं अशी एक जलमाला घातली, म्हणून सांगीन. चावडीत, जत्रंत, जिथं मान्सं जमत्यात तिथं.

भामाबाई : मेलेल्या आईला उघडी पाडशील?

ज्ञानू : तू जित्या पोरीला पाडलीस.

भामाबाई : मग भण मेली म्हणून समज.

ज्ञानू : एक मेली ते तर आज कळलं मला. दुसरीचं तुज्या हातात हाय.

भामाबाई : ठीक हाय. तू न्हाई, तर तानाजी. त्याची थोरली करते पृथ्वीराजला. तानाजी माजा शब्द मोडत न्हाई.

रेश्मा : तानाजीकाकाची? आत्ती, कान आहेत का तुमाला? तो पण त्याच आईचा आहे!

भामाबाई : समद्यांच्यात निजलेलं नसतंय.

ज्ञानू : म्हंजे सोडत लावणार तू? आली काळी तर आली?

भामाबाई : जग तसंच चाललंय.

ज्ञानू : तुज्याआधी जाऊन पोचतो मी. हरणी न्हाई नेत, तिचं दिस भरत आल्यात. एश्टीनं जातो. तानाजीला सांगतो.

भामाबाई : सांग की. त्यो काय म्हणंल सांगू? ज्ञानूदादाची लेक नांदली न्हाई, म्हणून दुसऱ्याच्या ताटात माती टाकाय आलाय. असंच म्हणंल. आन दार लावून घील. तू तरी कुटं ऐकलंस, तुजी बायकू शालू सांगत व्हती तवा?

ज्ञानू : न्हाई ऐकलं.

भामाबाई : मग? तुला कोण ऐकणार?

ज्ञानू : त्याच्या दारात बसीन. दार लावलं तरी मान्सांना भाईर यावंच लागतंय.

भामाबाई : बस. मी चालले. येळंला एश्टी हाय का न्हाई कुणाला म्हाईत.

रेश्मा : पाणी पिऊन जा.

भामाबाई : शब्द मिळाला न्हाई. पाणी नगं.

रेश्मा : देवाला बोललात ते पाण्याबद्दल नव्हतं, उंबऱ्याबद्दल होतं. बाहेर देते.

भामाबाई : नगं म्हणलं न्हवं.

रेश्मा : आत्ती.

भामाबाई : आता काय?

रेश्मा : हिचं नाव तुमच्याकडं कुणी ठेवलं नाही. मी ठेवलंय. तुमाला सांगणार नाही. त्या पोरीचं काय होतं?

भामाबाई : कुठल्या?

रेश्मा : तुमच्या भणीचं.

भामाबाई : तिचं न्हवतं नाव. बारसं कोण करणार.

रेश्मा : हाक काय मारायचात?

भामाबाई : हाक कशाला मारावी लागतीया. लांब कुठं गेलीवती का ती? बा मेंढरामागं गेला, आई तिकडं तोंड करून पडल्याली. जाताना बा मला म्हणाला, हिला घेऊन उनात बस, हलू नगंस. मी बसले. माझ्या मांडीवरच व्हती दिसभर.

ज्ञानू : आक्का, पुरं.

भामाबाई : आदी लय रडली. मग दुपार कलली आन गप झाली. मी बी पोरच. बरं वाटलं मला. मी हलले न्हाई.

ज्ञानू : आक्का, आत ये.

भामाबाई : मला वाटलं, निजली.